एक वाजताचा चौक

गेल्या रविवारी सकाळी मी कॅम्पातल्या त्या चौकात उभी होते. हडपसरहून रिक्षा करून गेले होते, औषधं आणायची म्हणून. औषधं हडपसरलाही मिळतात. हे मुलाला ठाऊक आहे, सुनेला ठाऊक आहे, आणि त्यांना ठाऊक आहे हे मला ठाऊक आहे. पण महिन्यातून एकदा मी कॅम्पात औषधं आणायला जाते आणि घरात कुणी काही बोलत नाही.

चौकात सात-आठ तरुण मुलंमुली गळ्यात कॅमेरे अडकवून हिंडत होती. जुन्या इमारती, कमानी, गॅलऱ्यांचे लोखंडी कठडे असं काहीबाही टिपत होती. त्यातला एक माझ्यापाशी आला आणि अगदी गोड आवाजात म्हणाला, "आजी, सॉरी हां, जरा फ्रेमच्या बाहेर याल का? एकच शॉट, प्लीज. बिल्डिंग क्लीन हवीय."

"मी या फ्रेममध्ये तुझ्या वडिलांच्या जन्माआधीपासून आहे," मी म्हटलं. "नवीन काय तो तू आहेस. तूच सरक."

पोरगा बिचारा ओशाळला. त्याच्या मैत्रिणीला हसू आवरेना. मी मात्र रिक्षात बसले तरी धुसफुसतच होते. राग त्याच्यावर नव्हता. त्या चौकातून माणसं काढून टाकायचं काम मी स्वतः केलेलं आहे, पगार घेऊन, आणि ते मला फार छान जमत असे.

त्या चौकाच्या कोपऱ्यावर, पहिल्या मजल्यावर, एक फोटो स्टुडिओ होता. इंग्रज जाऊन दहा-बारा वर्षं झाली होती, पण चौकाला ते अजून पुरतं कळलेलं नव्हतं. दुकानांच्या पाट्या इंग्रजीत, बेकरीत पाव मागायचा तोही इंग्रजीत, आणि गल्ल्यावरचा म्हातारा उत्तर द्यायचा मराठीत. मी नारायण पेठेत दोन खोल्यांत राहणाऱ्या कोर्टातल्या कारकुनाची मुलगी. मॅट्रिक झाले होते, चित्रकलेची इंटरमीजिएट परीक्षा चांगल्या मार्कांनी पास झाले होते, आणि त्या मार्कांचं पुढे काय करायचं ते कुणालाच माहीत नव्हतं. स्टुडिओला रिटचिंगसाठी माणूस हवा होता. वडिलांच्या कचेरीतल्या एका गृहस्थांनी बाई चालेल का म्हणून विचारून पाहिलं. निरोप आला, "हात चालला पाहिजे."

वडिलांनी बातमी ऐकली आणि पेपर खाली न ठेवता विचारलं, "पासपोर्ट लागेल का?"

आमच्या घरापासून कॅम्प सायकलनं अर्धा तास. पण आमच्या आळीत जन्मात कॅम्पात न गेलेली माणसं होती आणि त्यांना त्याचा अभिमान होता. संध्याकाळी मी घरी आले की वडील रोज विचारायचे, "काय म्हणतोय परदेश?" आई काहीच विचारत नसे. तिनं न विचारलेले प्रश्न मला जास्त ऐकू येत.

स्टुडिओचे मालक साठीच्या जवळचे होते. सगळा कॅम्प त्यांना चाचा म्हणे, मीही म्हणू लागले. त्यांचं घराणं तीन पिढ्या पुण्यात. आजोबा गोऱ्या पलटणींचे ग्रूप फोटो काढत, वडील साहेबांच्या मुलांचे काढत, आणि चाचांच्या वाट्याला आम्ही आलो होतो: नोकरीच्या अर्जाला लागणारे फोटो, स्थळाला पाठवायचे फोटो, नवरा-बायकोचा लग्नानंतरचा पहिला फोटो. चाचांचं मराठी माझ्या वडिलांच्या मराठीइतकंच स्वच्छ होतं आणि तितकंच तिरकस. गिऱ्हाइकानं फोटो चांगला आला नाही म्हटलं की ते आधी फोटोकडे बघत, मग गिऱ्हाइकाकडे बघत आणि म्हणत, "आलाय तो बरोबर आलाय." मला ते पहिल्या दिवसापासून 'अहो बाई' म्हणाले. मी तेव्हा वीस वर्षांची होते आणि मला आयुष्यात प्रथमच कुणीतरी अहो म्हणत होतं.

माझं मेज खिडकीशी होतं, कारण या कामाला उजेड लागतो. तिरप्या काचेवर निगेटिव्ह लावायची, खालून आरशानं उजेड पाडायचा आणि भिंगातून बघत बसायचं. निगेटिव्हवर सगळं उलटं असतं, काळं ते पांढरं आणि पांढरं ते काळं. चेहऱ्यावरचा काळा डाग तिथे कोऱ्या ठिपक्यासारखा दिसतो. त्यात सुईसारख्या टोकाच्या पेन्सिलीनं बारीक रेघा भरल्या की छापलेल्या फोटोत डाग नाहीसा. उलट, नको असलेलं काही पांढरं आलं असेल तर ते निगेटिव्हवर काळं दिसतं. ते चाकूच्या पात्यानं हलक्या हातानं खरवडून काढायचं. पेन्सिल चुकली तर टर्पेंटाइनच्या बोळ्यानं पुसता येते. चाकूचं तसं नाही. खरवडलं की गेलं.

त्या काळात देवीचे व्रण घरोघरी होते. उपवर मुलींचे फोटो माझ्यासमोर यायचे आणि मी त्यांचे गाल रेघारेघांनी भरून काढायची. त्या मुली फोटो न्यायला आल्या की आधी फोटो बघत, मग खिडकीच्या काचेत स्वतःला बघत. मला तेव्हा वाटायचं, आपण पुण्याचं काम करतो. आता तितकंसं वाटत नाही. असो.

आमच्या रोलमध्ये आठ फोटो निघत. सकाळी पाच गिऱ्हाइकं येऊन गेली की तीन फ्रेमा उरत. रोल अर्धवट ठेवायचा आणि लोकांना दुसऱ्या दिवशी फेऱ्या मारायला लावायच्या, हे चाचांना पटत नसे. दुपारच्या जेवणानंतर ते डार्करूममध्ये शिरत, ते थेट चारला बाहेर येत. म्हणून जेवणाआधी, एकच्या ठोक्याला, कॅमेरा स्टँडसकट माझ्या खिडकीशी यायचा आणि चाचा म्हणायचे, "बाई, रोल संपवा."

मग मी चौकाचे फोटो काढायची.

त्या फोटोंना काही अर्थ नव्हता. कुणी ते मागितलेले नव्हते, कुणाला ते दाखवायचे नव्हते. रोल संपवण्यासाठी काढलेले फोटो. पण मी ते अशा हौसेनं काढायची की चाचांनी नंतर नंतर मुद्दाम एखादी फ्रेम जास्त उरवायला सुरुवात केली असावी, असा मला संशय आहे. घोड्यांसाठी बांधलेला दगडी हौद आणि त्यात तोंड घालून उभी असलेली टांग्याची घोडी. छत्रीखाली अर्ध्या विजारीत उभा असलेला पोलीस. समोरच्या गॅलरीत रोज पत्ते खेळणारं एक पारशी जोडपं, त्यातल्या बाई रोज जिंकत, कारण पानं वाईट आली की नवरा न चुकता टोपी काढून ठेवी. सुट्टीवर निघालेले शिपाई, कडक इस्त्रीचे, दुकानाच्या काचेत स्वतःचाच भांग बघणारे. हडपसरच्या मळ्यातून भाजीच्या पाट्या सायकलीला बांधून आलेला एक माणूस, जो भाजी विकून झाल्यावर हौदाच्या कठड्यावर बसून स्वतःची भाकरी खायचा, आणि कधीही खिडकीकडे बघायचा नाही. बेकरीतून दुसऱ्यांदा भाजलेल्या पावाचा वास यायचा. तो फोटोत येत नाही, एवढं एकच त्या फोटोंचं उणं होतं असं मला तेव्हा वाटे.

मला तो चौक हवा आहे. हे सरळ सांगते, उगाच आडवळणं कशाला. मला एक वाजताचं ते ऊन हवं आहे, हौदाच्या कडेला घोड्यांनी सांडलेलं पाणी हवं आहे, आणि खिडकीत उभी असलेली, आपल्याला सगळं आयुष्य दिसतंय असं समजणारी ती वीस वर्षांची शहाणी हवी आहे. तिला माझे दोन शब्द सांगायचे आहेत. ती ऐकणार नाही, तरी सांगायचे आहेत.

चाचांचं म्हणणं होतं, कॅमेरा स्टँडवर आहे तर लेन्सचं भोक बारीक ठेवा आणि वेळ जास्त द्या. इमारतीची कड न् कड आली पाहिजे. त्यामुळे फोटोत जे उभं असे ते लख्ख यायचं आणि जे चालत असे ते पुसट व्हायचं. घोडी यायची, पोलीस यायचा, पत्ते खेळणारे यायचे. चालणाऱ्या माणसाचा नुसता फराटा उमटायचा.

आणि एक वाजता चौकातून एक बाई रोज चालत यायच्या. त्या चाची. चाचांच्या पत्नी.

चाची घरून डबा घेऊन यायच्या. घर जवळच होतं, चौक ओलांडून पलीकडच्या गल्लीत. साडीवरून पांढरी चादर घेतलेली, उजव्या हातात पितळी डबा, त्याच्या वजनानं उजवा खांदा जरा खाली गेलेला. चालणं मात्र असं झपाट्याचं, की जणू डब्यातलं अन्न गार होईल नाही तर त्याला पाय फुटतील. त्या कधी जिना चढून वर येत नसत. खालूनच हाक मारत आणि मी डबा घ्यायला खाली जात असे.

त्यांचं माहेर लोणी काळभोरचं. इतकी वर्षं कॅम्पात राहून त्यांची बोली तसूभर बदलली नव्हती. मी कामावर लागल्याच्या चौथ्याच दिवशी त्यांनी पितळी डब्याबरोबर एक छोटा स्टीलचा डबा माझ्या हातात ठेवला.

"बाई, ह्यो तुमचा. भांडी बी येगळी ठेवल्याती. यात तसलं कायबी न्हाई."

"अहो चाची, वेगळं कशाला करत बसता? मी घरून पोळी आणते की."

"ती खा की संध्याकाळी. आन् तुमच्या आईनं इचारलं तर तुमाला खोटं बोलाया नको, म्हनून येगळी भांडी."

आईनं कधी विचारलं नाही. वडिलांनी मात्र एकदा विचारलं, "परदेशात जेवायला काय देतात?" मी म्हटलं, भरली वांगी. त्यांनी बराच वेळ विचार केला आणि म्हणाले, "आपल्याकडे का होत नाहीत तशी?" त्यावर आईनं त्यांच्याकडे ज्या नजरेनं पाहिलं, त्यानंतर आमच्या घरी तो विषय निघाला नाही.

चाचींच्या चेहऱ्यावर देवीचे व्रण होते, दाट, कपाळापासून हनुवटीपर्यंत. त्या वर यायच्या नाहीत त्याचं कारण गुडघे असं सांगत, पण एकदा बोलता बोलता म्हणाल्या, "वर क्यामेरा हाय." तीस वर्षं फोटोवाल्याचा संसार केला आणि एक फोटो काढून घेतला नव्हता. चाचांनी सुरुवातीला आग्रह केला असेल. नंतर त्यांनी तो सोडून दिला असावा.

मला माझ्या हाताचा माज होता. मी म्हटलं, "चाची, एकदा बसा तुम्ही. मी सगळे व्रण घालवते. कुणाला कळणारसुद्धा नाही."

त्या मोठ्यानं हसल्या. "मंग त्यो फोटू माजा कसा हो? दुसरीच कुनीतरी बसंल तितं नटून."

मला त्यांचं म्हणणं पटलं नाही. अडाणी आहेत, असंही मनात आलं असेल. आलंच होतं.

नव्या रिटचरला हात बसवायला टाकाऊ निगेटिव्ह लागतात. गिऱ्हाइकाच्या चेहऱ्यावर शिकता येत नाही. स्टुडिओत जुन्या निगेटिव्ह फारशा नव्हत्या. फिल्ममधली चांदी काढून विकणारा एक माणूस वर्षातून एकदा येई आणि जुन्या फिल्मा घेऊन जाई. माझ्याकडे होते ते माझेच चौकाचे फोटो. त्यातल्या दिव्याच्या खांबावरचा डाग भर, भिंतीवरचा ओघळ पूस, असं माझं चाललेलं असे. पेन्सिल मला लवकर जमली. चाकूला मी घाबरत असे.

एक दिवस चाचा माझ्या खुर्चीमागे येऊन उभे राहिले. काचेवर आदल्या दिवशीचा चौक होता. त्यांनी खालच्या कोपऱ्यात बोट ठेवलं. फोटो धुण्याच्या रसायनांनी पिवळं पडलेलं त्यांचं नख मला अजून दिसतं.

"हे काय आलंय मध्येच?"

स्टुडिओच्या जिन्याच्या पायऱ्यांच्या अलीकडे एक उभा फराटा होता. निगेटिव्हवर काळा, म्हणजे फोटोत पांढरा.

"कुणीतरी चालत गेलं असेल," मी म्हटलं.

"सगळा चौक इतका स्वच्छ आलाय आणि त्यात हे. काढून टाका. चाकू घ्या, घाबरू नका. रस्त्याचा रंग सपाट आहे, शिकायला याहून सोपी जागा मिळायची नाही."

मी चाकू घेतला. पहिल्यांदा ओरखडा उठला, दुसऱ्यांदा कमी, आणि आठवड्याभरात हात असा बसला की भिंगातूनसुद्धा काही कळू नये. मग मला नादच लागला. एक वाजताच्या जवळजवळ प्रत्येक फ्रेममध्ये त्याच जागी तो पांढरा फराटा असायचा, आणि मी तो रोज काढून टाकायची. स्वच्छ चौक बघून जिवाला बरं वाटायचं. स्वच्छ केलेली निगेटिव्ह मी पुन्हा पाकिटात घालून त्यावर तारीख आणि वेळ लिहून ठेवी.

तो फराटा कुणाचा, असा प्रश्न आम्हा दोघांपैकी एकालाही पडला नाही. मी खिडकीतून फोटो काढायची आणि पाचच मिनिटांत खाली जाऊन त्याच बाईंच्या हातून डबा घ्यायची. तरी पडला नाही. निगेटिव्हकडे बघायची आमची सवयच अशी होती. तिथे माणूस नसतो. तिथे डाग असतो किंवा नसतो.

पुढे चाचींचे गुडघे खरंच गेले. डबा चाचाच सकाळी येताना सायकलला अडकवून आणू लागले; माझा छोटा डबा तेव्हाही त्यात असे. मग एका थंडीत त्या आजारी पडल्या. मी दोनदा घरी जाऊन भेटून आले. दुसऱ्या वेळी त्यांनी मला ओळखलं, पण बोलल्या नाहीत. नुसता माझा हात उलटा करून बोटांवरचे पेन्सिलीचे काळे डाग बघत राहिल्या. त्यानंतर चार दिवसांनी त्या गेल्या.

चाचा तीन दिवस घरी बसले आणि चौथ्या दिवशी स्टुडिओ उघडला. काम पहिल्यासारखंच करत. गिऱ्हाइकांना टोमणेही पहिल्यासारखेच मारत. फक्त एक वाजता कॅमेरा खिडकीशी आणायचं त्यांनी बंद केलं. रोल अर्धवट राहू लागले.

चाचींच्या चाळिसाव्या दिवसाचा विधी झाल्यानंतर एका सकाळी त्यांनी माझ्यासमोर स्टूल ओढलं आणि बसले. असे ते कधी बसत नसत.

"बाई, एक काम आहे," ते म्हणाले. "चेहरा आहे डोळ्यांसमोर. त्याची काळजी नाही. चाल निसटतेय. ती कशी चालायची ते रोज थोडं थोडं जातंय माझ्या हातून. काल दिवसभर आठवत बसलो. नाही आलं."

मी हातातली पेन्सिल खाली ठेवली.

"तुम्ही खिडकीतून इतके फोटो काढलेत. एक वाजताचे. डबा घेऊन येताना कुठेतरी ती सापडेलच की. चेहरा नकोच. लांबून असली, पुसट असली तरी चालेल. बघाल?"

त्या क्षणी मला कळलं. मी म्हटलं, "बघते."

तीन दिवस मी पाकिटं उघडत होते. मला उत्तर ठाऊक होतं, तरी उघडत होते. देवाला नवसही बोलले, एखादी निसटलेली असू दे म्हणून. ती सगळी पाकिटं आज माझ्या कपाटात आहेत. स्टुडिओ बंद झाला तेव्हा मी ती मागून घेतली. महिन्यातून एकदा कॅम्पातून आले की मी त्यातली दोन-चार उजेडाकडे धरून बघते. हौद आहे, घोडी आहेत, पोलीस आहे, पारशी म्हातारा टोपी काढतोय. पायऱ्यांच्या अलीकडे रस्ता सपाट आहे. इतका सपाट, की एवढ्या वर्षांनी मला स्वतःलाही चाकूची खूण सापडत नाही. मी माझं काम फार चांगलं केलं होतं.

चौथ्या दिवशी चाचा एका बारशाचे फोटो काढायला बाहेर गेले. मी एकटी होते. मी एक वाजताची एक निगेटिव्ह काचेवर लावली आणि पेन्सिल हातात घेतली. पेन्सिलीनं निगेटिव्हवर काळं भरलं की फोटोत पांढरं येतं. म्हणजे काढलेला फराटा परत भरता येईल. मला चाचींची चाल पाठ होती. रोज बघत होते. चादरीचा घोळ, पुढे टाकलेलं पाऊल, डब्याच्या वजनानं खाली गेलेला खांदा. दोन तास मी मान वर केली नाही. मग डार्करूममध्ये जाऊन प्रिंट काढली. ट्रेमधल्या रसायनात त्या हळूहळू वर आल्या, पांढऱ्या, पुसट, चौक ओलांडणाऱ्या, आणि मी तिथे तांबड्या दिव्याखाली उभी राहून रडले. मला वाटलं, मी त्यांना परत आणलं.

दुसऱ्या दिवशी दुपारी मी प्रिंट चाचांच्या हातात दिली. "एक सापडली," मी म्हटलं.

त्यांनी ती खिडकीशी नेली. त्यांचा चेहरा इतका उजळला की मला वाटलं, बरं झालं, हे खोटं नव्हेच. बराच वेळ ते बघत होते. मग त्यांचा अंगठा फोटोवरून सरकत एका जागी थांबला.

"डबा ती उजव्या हातात धरायची," ते म्हणाले.

मी बघितलं. फोटोतल्या बाईचा डावा खांदा खाली गेला होता. रिटचिंग निगेटिव्हच्या ज्या बाजूनं करतात त्या बाजूनं उजवं ते डावं दिसतं. नवशिकीलाही हे पहिल्या दिवशी सांगतात. घाईत, आनंदात, मी तेच विसरले होते. दुसऱ्या कुणाला हे कळलंही नसतं. पण तीस वर्षं तो डबा ज्यांच्यासाठी आला, त्यांना मी तो फोटो दिला होता.

"निगेटिव्ह बघू," ते म्हणाले.

मी दिली. त्यांनी ती उजेडात तिरपी धरली. पेन्सिल तिरप्या उजेडात चकाकते.

"वर पेन्सिल आहे. खाली?"

मी मेजावरच्या पेन्सिली सरळ लावू लागले.

"बाई. खाली पेन्सिल होती की चाकू?"

त्या प्रश्नात किती आशा होती हे फक्त आम्हा दोघांनाच कळण्यासारखं होतं. खाली पेन्सिल असती, म्हणजे फराट्याभोवतीचा रस्ता गडद करून मी तो नुसता लपवलेला असता, तर सगळी पुसून टाकून मूळचं वर आणता आलं असतं.

"चाकू," मी म्हटलं.

"सगळ्यांवर?"

"हो."

त्यांनी मेजावरची टर्पेंटाइनची बाटली घेतली, कापसाचा बोळा भिजवला आणि निगेटिव्ह काचेवर ठेवून मी भरलेली बाई पुसली. अगदी हळू. झोपलेल्या माणसाचं तोंड पुसावं तसं. बोळा काळा झाला तो त्यांनी टाकला नाही, मुठीत धरून ठेवला. काचेवर आता पुन्हा सपाट रस्ता होता. ते त्याच्याकडे बघत राहिले आणि मग त्यांची नजर त्याच कोपऱ्यावर खिळली. काहीतरी आठवायला लागल्याचं मला दिसलं. ते आठवू नये म्हणून मी काय वाटेल ते दिलं असतं.

"बाई," ते म्हणाले, "हे काढून टाका असं मीच सांगितलं होतं का?"

पिवळं नख माझ्या डोळ्यांसमोर होतं. चाकू घ्या, घाबरू नका, हे शब्द कानात होते.

"नाही हो चाचा," मी म्हटलं. "तुम्ही कशाला सांगाल? तुम्ही बघितलंसुद्धा नव्हतं. माझंच डोकं चाललं."

गिऱ्हाईक खरं बोलतंय की खोटं, हे ते जिन्याच्या पायरीवरून ओळखत. माझ्याकडे त्यांनी नीट पाहिलं, जितका वेळ पाहायचं तितका वेळ पाहिलं.

"बरं," ते म्हणाले. "तुमचंच डोकं, तर तुमचंच."

मग ते उठले, कॅमेरा स्टँडसकट उचलून माझ्या खिडकीशी आणून ठेवला आणि 'रोल संपवा' असं न म्हणताच डार्करूममध्ये गेले. चार वाजून गेले तरी ते बाहेर आले नाहीत, आणि मीही हाक मारली नाही.